नववीतली ‘वाया गेलेली’ पोरं: कारण कुठं शोधायचं?

निपाणी भागातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलातल्या तरुण बाईंनी विचारलं आहे. त्यांच्या नववीच्या वर्गात चार मुलं आहेत. दुपारी जेवण झालं की ती गायब होतात, तोंडात मावा असतो. त्यांनी हेडसरांच्या गाडीची हवा सोडली, आठवीतल्या एकाला बदडलं, आणि आता त्यांच्यापैकी एकानं स्टाफरूममधून मोबाइल उचलला. पालकसभेत पालक म्हणाले, शाळेचं लक्ष नाही. शिक्षक म्हणाले, घरी वळण नाही. संस्थेतल्या एकानं ‘दाखले हातात द्या आणि मोकळे व्हा’ असा सल्ला दिला. बाईंचा प्रश्न असा: मुलं अशी का वागायला लागतात, आणि यात सीमाभागाचा काही संबंध आहे का?

मी बेळगाव जिल्ह्यात आधी हायस्कुलात मास्तरकी केली, नंतर समुपदेशन. तेवढ्या अनुभवावर उत्तर देतो. उदाहरणांतली ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बाई, पहिलं म्हणजे ‘ती चौघं’ म्हणायचं सोडा. टोळी एक दिसते, पण त्यातलं प्रत्येक पोरगं वेगळ्या वाटेनं तिथं आलेलं असतं. न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा लहानपणापासून पार मोठेपणापर्यंत माग ठेवला गेला. तिथल्या कामावरून टेरी मॉफिट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९३ मध्ये एक फरक मांडला. थोडी मुलं चार-पाच वर्षांची असल्यापासूनच त्रासदायक वागतात आणि मोठेपणीही तशीच राहतात. बाकीची, म्हणजे बहुसंख्य, तेरा-चौदाव्या वर्षी अचानक बिघडतात आणि विशी ओलांडताना आपोआप रुळावर येतात. मधल्या काळात हातून काही भलतंच झालं नाही, शाळा सुटली नाही, पोलिसांत नाव गेलं नाही, तर.

तुमच्या चौघांत पहिल्या प्रकारातलं फार तर एखादं असेल, नसेलही. ते ओळखायला मानसोपचारतज्ज्ञ लगेच लागत नाही. पहिली-दुसरीला त्याला शिकवलेल्या बाई अजून गावात असतील, त्यांना गाठा. दहा वर्षांच्या आतच मारामाऱ्या, कुत्र्या-मांजरांचा छळ, एकट्यानं केलेल्या चोऱ्या, पकडल्यावरही चेहऱ्यावर काहीच नाही, असं त्या सांगत असतील तर ते प्रकरण वेगळं. त्याच्याबद्दल शेवटी लिहितो. त्या बाई ‘अहो, सातवीपर्यंत गुणी होतं की पोरगं!’ म्हणाल्या, तर कारण त्याच्या गेल्या दोन वर्षांत आहे आणि ते सापडतं.

ते शोधायला आधी हजेरीपट आणि वेळापत्रक शेजारी-शेजारी ठेवा. आपल्याकडं कर्नाटकात दहावीपर्यंत शाळेत दुपारचं जेवण मिळतं. जेवून पळणाऱ्या पोराचं शाळेशी भांडण नसतं, त्याला जेवणानंतरचे काही तास नको असतात. कुठले तास ते बघा. गणित आहे? कन्नड आहे? की ज्या सरांच्या तासाला उभं राहून वाचायला लागतं तो तास आहे? सोमवारची दांडी वेगळी, बाजारच्या वाराची दांडी वेगळी. नोव्हेंबरात ऊसतोड सुरू झाली की पडणारी सलग दांडी तर पूर्ण वेगळी, ते पोरगं ट्रॅक्टरवर असतं. वर्गात आपण सगळ्यांना एकाच सुरात ‘उनाड’ म्हणतो, हजेरीपट मात्र प्रत्येकाचं वेगळं सांगतो.

खानापूर तालुक्यातला एक मुलगा माझ्याकडं आला तो ‘मारकुटा’ म्हणून. वर्गात आठवड्यातून दोन-तीनदा मारामारी. मी त्याला मराठीचं पुस्तक दिलं आणि पहिला धडा वाच म्हटलं. खडखडीत वाचला. अर्ध्या परिच्छेदावर मी पानावर हात ठेवला, तरी वाचन चालूच! धडा पाठ होता. मग चौथीचं पुस्तक पुढं केलं, तर जोडाक्षराला अडला, घाम फुटला, पुस्तक मिटून म्हणाला, “सर, मला काय कळूलालं नाही.” नंतर त्याच्या वर्गशिक्षकांना मी एवढंच लक्ष ठेवायला सांगितलं की मारामारी कधी सुरू होते. आठ-दहा दिवसांत उत्तर मिळालं. वाचनाची पाळी त्याच्या बाकाच्या जवळ आली की तो शेजारच्याला ढोसायचा. मग आरडाओरडा, मग ‘चल, बाहेर हो.’ बाहेर काढलं की त्याची सुटका. मठ्ठ म्हणवून घेण्यापेक्षा दादा म्हणवून घेणं कुठल्याही चौदा वर्षांच्या पोराला परवडतं.

माझ्या मते हायस्कुलातल्या गैरवर्तनाचं आपल्या भागातलं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात कमी बोललं जाणारं कारण हेच आहे. आठवीपर्यंत सगळे वर चढत आले, वाचायला येतं का ते कुणी बसून बघितलं नाही. त्यात आज नववी-दहावीत असलेली मुलं करोनात शाळा बंद पडल्या तेव्हा तिसरी-चौथीच्या आसपास होती. कर्नाटकात पहिली ते पाचवीचे वर्ग उघडले ते ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस. म्हणजे अक्षर ओळखण्यापासून धडा समजून घेण्याकडं जायचं जे वय, नेमकं तेच घरी गेलं. नंतर बुडालेला अभ्यास भरून काढायला ‘कलिका चेतरिके’ हा सरकारी कार्यक्रम आला, पुस्तिका भरल्या गेल्या. ज्याच्या घरी कुणी बसवून घेणारं होतं त्याचं भरून निघालं. बाकीच्यांचं नाही.

माध्यम बदललेली पोरंही बघा. घरी मराठी, पाचवीपर्यंत इंग्लिश मीडियम, मग फी झेपेना म्हणून मराठीत, किंवा पुढं नोकरी लागेल म्हणून थेट कन्नडमध्ये. तिथं बोललेलं निम्मं कळत नाही, आणि न कळणारं पोरगं तासभर गप्प बसेल ही अपेक्षा आपण मोठ्यांकडूनही ठेवत नाही. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं तेव्हा या चौघांचे डोळे आणि कान मुद्दाम तपासून घ्या. मागच्या बाकावर बसवलेल्या पोराला फळाच दिसत नव्हता, असं एकापेक्षा जास्त वेळा निघालं आहे.

आता शाळा सुटल्यानंतरचं.

गावातली मराठी शाळा सातवीला संपते, काही ठिकाणी आठवीला. तिथं गुरुजींना पोराची आई, आज्जी, म्हैस सगळं माहीत असतं. हायस्कूल दुसऱ्या गावात किंवा निपाणी-बेळगावात. बसचा पास निघतो आणि पोराच्या आयुष्यात पहिल्यांदाच रोज दोन-तीन तास असे येतात की तो कुठं आहे हे एकाही मोठ्या माणसाला माहीत नसतं. बस चुकली म्हटलं की झालं. खानापूरच्या जांबोटी-कणकुंबी बाजूला तर बस खरंच चुकते, त्यामुळं खोटं पकडायचीही सोय नाही.

त्या वेळात त्याला भेटतो एकोणीस-वीस वर्षांचा कुणीतरी. दहावीला नापास झालेला, गाडी असलेला. हा इसम नीट समजून घ्या, कारण पालकसभेत त्याचं नाव कधीच निघत नाही. तो पोराला नावानं हाक मारतो. वडापाव खायला घालतो. गाडी चालवायला देतो. वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लावतो आणि त्यावर पोराचा फोटो असतो. वर्गात ज्याला वर्षभर कुणी उभं करून चांगलं म्हटलं नाही, त्याचा फोटो चौकात! हे सगळं फुकट वाटतं, पण फुकट नसतं. मावा उधार, पेट्रोल उधार, मोबाइलवरच्या पैशाच्या खेळात हरलेले दोनशे-तीनशे उधार. अशा खेळांवर २०२५ मध्ये केंद्रानं कायद्यानं बंदी आणली, तरी गल्लीतली उसनवारी कायद्याला विचारून होत नाही. महिना-दोन महिन्यांनी हिशेब मागितला जातो. पैसे नाहीत? मग ही पिशवी तिकडं पोचव. ती सायकल घेऊन ये. मोबाइल बघ एखादा.

तुमच्या शाळेतल्या मोबाइलचोराला ‘का केलंस?’ विचाराल तर खाली मान घालून उभा राहील. त्याऐवजी ‘कुणाचे किती द्यायचे आहेत?’ विचारा. एकट्याला, दार उघडं ठेवून, शेजारी बसून. उत्तर येण्याची शक्यता बरीच जास्त. मी बघितलेल्या शाळकरी चोऱ्यांत चैनीसाठी केलेल्या थोड्या. देणं फेडायला केलेल्या पुष्कळ.

मावा विकणाऱ्यावर मात्र शाळेनं दया दाखवायचं कारण नाही. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्यानं बंदी आहे. गुटख्यावर कर्नाटकात २०१३ पासून बंदी आहे, म्हणून तर पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत येते. लहान मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. शाळेच्या लेटरहेडवर हे कलम लिहून टपरीवाल्याला एक प्रत आणि पोलीस ठाण्याला एक प्रत दिली, तर टपरी बहुतेक वेळा आठवड्यात सरकते. पोरांना प्रार्थनेला उभं करून तोंडं उघडायला लावण्यापेक्षा हे सोपं आहे, तरी फार थोड्या शाळा करतात. का, ते कळत नाही. टपरीवाला ओळखीचा असतो म्हणून असेल.

घराकडं येतो. ‘वळण नाही’ म्हणणाऱ्या शिक्षकांपैकी कितीजण त्या घरी संध्याकाळी सहाला गेले आहेत? तुमच्या भागात जा, आई दारात मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत बसलेली दिसेल. पान कातरायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा. मजुरी हजाराच्या हिशेबानं, त्यामुळं बोलताना तिचे हात थांबत नाहीत आणि मानही वर होत नाही. पोरगं तिच्या पाठीमागून घरात येतं आणि पाठीमागूनच बाहेर जातं. तिला विचारा, ‘कुठं गेला?’ ती म्हणेल, ‘इथंच असंल की.’ यात आईचा दोष काढणाऱ्याला मी एकच विचारतो, मान वर केली तर हजार कधी व्हायच्या?

खानापूर भागात दुसरं चित्र. वडील गोव्यात हॉटेलात किंवा बांधकामावर, महिन्या-दोन महिन्यांनी येतात. आले की दोन दिवस लाड, नवा मोबाइल, आणि तिसऱ्या दिवशी आईच्या तक्रारी ऐकून पट्टा. बेळगावात उद्यमबागेतल्या फाउंड्रीची पाळी, वडगाव-शहापुरात माग. सगळीकडं मोठी माणसं राबतायत, आणि पोराचे चार ते आठ हे तास कुणाच्याच वाट्याला येत नाहीत. एकट्या आईनं वाढवलेली, आज्जीकडं राहिलेली कितीतरी मुलं सरळ मार्गानं गेलेली मी बघितली. त्यांच्यात एक गोष्ट सारखी होती: संध्याकाळी त्यांनी कुठंतरी असायचंच असायचं. डेअरीला दूध घालायला, तालमीत, देवळातल्या भजनात, मामाच्या दुकानात. ‘मोडलेलं घर’ हे कारण मला फारसं पटत नाही. बापाचं दारू पिऊन मारणं हे मात्र पटतं. घरी ज्याचा गाल रोज लाल होतो तो शाळेत त्याच्याहून लहान गाल शोधतो. आठवीतल्या त्या पोराला मारणाऱ्याच्या घरी जाल तेव्हा हे डोक्यात असू द्या.

सीमाभागाचा संबंध? आहे, पण लोक समजतात तसा नाही. मराठी-कन्नड वादामुळं पोरं गुन्हेगार होत नाहीत. दोन्ही भाषांची पोरं एकाच टपरीवर उभी असतात आणि तिथं त्यांचं छान जमतं. संबंध दोन ठिकाणी येतो. एक, १ नोव्हेंबरला एकाच शहरात मराठी बाजूचा निषेधाचा काळा दिनही असतो आणि कर्नाटकच्या स्थापनेचा राज्योत्सवही. मिरवणूक कुठल्याही बाजूची असो, पुढं घोषणा द्यायला चौदा-पंधरा वर्षांची पोरं लागतात आणि मोठी माणसं मागं असतात. स्टेटस ठेवतं पोरगं, शिकवणारा दुसराच. दगड कुणी मारला हे ठरण्याआधी व्हिडिओत चेहरा पोराचा दिसतो. त्या आठवड्यात शाळेनं पालकांना निरोप पाठवून मुलं घरी राहतील एवढं बघावं. भूमिका घ्यायला त्यांना पुढं आयुष्य पडलं आहे.

दुसरा संबंध जास्त खोल आहे. मराठी माध्यमात नववीला बसलेल्या मुलाला पुढचं दिसत नाही. दहावीनंतर सायन्स-कॉमर्स इंग्रजीत, सरकारी कामाचे कागद कन्नडमध्ये, आणि त्याचा भाऊ दहावी होऊन गोव्यात प्लेटा उचलतोय. शाळेनं भविष्याचं आमिष दाखवायचं आणि पोरानं आज गप्प बसायचं, असा जो व्यवहार सगळ्या शाळांत चालतो, तो इथं तुटतो. मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे सैन्यभरती. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, पंचक्रोशीतलं निम्मं पोरगं पहाटे पळायला जातं. ‘दहावी पास आणि अंगावर पोलीस केस नको’ हे वाक्य माजी सैनिकाच्या तोंडून ऐकलं की पोरं ज्या लक्षपूर्वक ऐकतात, तसं माझं व्याख्यान त्यांनी कधी ऐकलं नाही. अग्निपथमध्ये चारच वर्षांची नोकरी आहे हे त्यांना सांगायला हवंच. पण पहाटे पाचला उठणारं पोरगं रात्री अकराला चौकात नसतं, हा फायदा आजच मिळतो.

मुलींबद्दल थोडक्यात, कारण तुमच्या प्रश्नात त्या नाहीत. मुलगी ‘बिघडली’ म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा एखादा मोबाइल आणि एखादा मुलगा असतो, आणि घरचा उपाय लग्न हा असतो. दोघं पळून गेली आणि मुलगी अठराच्या आतली असेल तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागू शकतो, मुलगाही अठराच्या आतला असला तरी. हे नववीच्या वर्गात मुलं-मुली दोघांसमोर स्पष्ट सांगितलेलं बरं.

शाळेचाही वाटा असतो. दहावीच्या निकालाचा दबाव मी समजू शकतो. २०२४ मध्ये केंद्रांवर वेबकास्टिंग आलं आणि राज्याचा निकाल ८३.८९ वरून ७३.४० टक्क्यांवर आला, तेव्हापासून नववीतली कच्ची मुलं अनेक शाळांना ओझं वाटू लागली आहेत. शिक्षणहक्काखाली आठवीपर्यंत मुलाला काढता येत नाही, नववीला ते संरक्षण संपतं, आणि नेमकं तेव्हाच ‘दाखला घेऊन जा’ सुरू होतं. दाखला दिलात तर त्या एकोणीस वर्षांच्या इसमाला पूर्णवेळ माणूस मिळतो. तुमच्या संस्थेतल्या त्या गृहस्थांना माझ्या नावानं हे सांगितलंत तरी चालेल.

मोबाइलचं प्रकरण पोलिसांत न्यायचं का, हेही बैठकीत निघेल. अठराखालच्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही, आणि प्रकरण बाल न्याय मंडळापुढं जातं. तिथं दंडाधिकाऱ्यांबरोबर दोन समाजकार्यकर्ते बसतात. प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, बोलायचं तर त्यांच्याशी बोला, ओळखीच्या हवालदाराकडून ‘जरा दम देऊन’ नको. माझं मत विचाराल तर मोबाइल परत आला असेल तर ठाण्याची पायरी चढू नका. नुकसान झालं असेल ते पोरानं शनिवारी शाळेत काम करून भरावं, पालक आणि हेडसर यांच्या सह्यांनिशी, ठरावीक मुदतीत. ती संपली की विषय संपला, पुन्हा वर्गात त्यावरून टोमणा नाही. उधारीचं नाव कळलं असेल तर त्या इसमाकडं पोराला पाठवू नका, वडिलांनी किंवा मामांनी दिवसाउजेडी जाऊन हिशेब मिटवावा.

बाकीच्यांचं काम कंटाळवाणं आहे. वाचता येत नसेल त्याला रोज अर्धा तास, वर्गाबाहेर, कुणाला न दिसेल असं, चौथीच्या पुस्तकापासून. वरवर ‘ग्रंथालयाचं काम’ म्हणून पाठवा म्हणजे त्याची पत राहील. प्रतिभा कारंजी या शाळांच्या कलागुण स्पर्धेच्या तयारीत, क्रीडास्पर्धेच्या मैदानआखणीत या चौघांना वेगवेगळी कामं द्या, एकत्र नको. दुपारनंतरची हजेरी एका शिक्षकानं रोज घ्यावी आणि गैरहजर पोराच्या घरी त्याच दिवशी फोन जावा. रागानं नको, ‘आज दिसला नाही, बरा आहे ना?’ एवढाच. पहिले पंधरा दिवस काही फरक दिसणार नाही, उलट एखादा जास्त दंगा करेल, तुम्ही किती टिकता ते बघायला.

आणि तो एखादा, लहानपणापासून तसाच असलेला, किंवा अचानक गप्प झालेला, झोप उडालेला, हातावर ब्लेडच्या रेघा असलेला, त्याला उपदेशाच्या भानगडीत न पडता डॉक्टरांकडं न्या. फोनवर सल्ला हवा असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, मुलाला घरातून धोका असेल तर १०९८. प्रत्यक्ष दाखवायला जिल्हा रुग्णालय, आणि तिथून पाठवलं तर धारवाडची मनोरुग्ण संस्था, डिमहान्स. जाताना आईला एकटीला पाठवू नका, शाळेतलं कुणीतरी बरोबर असू द्या. तीन वर्षांची प्रगतीपत्रकं, हजेरीची प्रत आणि त्याच्याच अक्षरातली एक वही न्या. डॉक्टर पहिल्यांदा तेच मागतात.